बेदाण्यांशेजारी तीन बाटल्या

माणसाला स्वातंत्र्याची किंमत ते गमावल्यावरच कळते. हे वाक्य मी अनेक व्यासपीठांवरून ऐकलं आहे आणि दर वेळी ते दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर बसून ऐकलं आहे. ती मानाची जागा नव्हती. तिथून कुणाच्या पायांवरून न जाता बाहेर पडता येई, एवढाच तिचा गुण.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वातंत्र्याची माझी व्याख्या फार नेमकी झाली होती. सांगलीच्या स्टँडवर वडूजच्या गाडीत बसायचं, खिडकी धरायची आणि वाटेत कुठे काय सोय आहे याचा विचार मनात न आणता वडूजला उतरायचं. मी सांगलीत एका कॉलेजचा ग्रंथपाल होतो आणि आई वडूजला राहायची. अंतर साडेतीन तासांचं. मध्ये एका गावी गाडी दहा मिनिटं थांबायची. गावाचं नाव सांगत नाही, त्या स्टँडची मी आधीच पुष्कळ बदनामी केली आहे. तिथलं शौचालय गाडीपासून किती पावलांवर आहे, कोणत्या दाराला कडी नाही आणि पाण्याचं पिंप कुठे असतं, हे मला माझ्या ग्रंथालयातल्या कपाटांइतकं पाठ होतं. अडचण ही की त्या स्टँडच्या अलीकडे दीड तास होता आणि पलीकडे दोन. दोन वर्षं मी वडूजला गेलो नव्हतो.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं आणि दिवसातून बारा-पंधरा वेळा, दोन मिनिटांच्या आगाऊ सूचनेवर, धावावं लागतं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच आतड्यावर चालून जातात. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मला या गोष्टीचं भय वाटण्याआधी नवल वाटलं होतं. गावात चोर नाही आणि गस्तीवालेच घर फोडताहेत, असा तो प्रकार.

आमच्या घरी नवस बोलायची सोय वडिलांनी छप्पन सालच्या धर्मांतरानंतर बंद केली होती. त्यांनी देव्हाऱ्यातले देव येरळेच्या पात्रात सोडले, आणि येरळेला पाणी नसल्यामुळे ते काही दिवस तिथेच दिसत राहिले, असं आई सांगे. तेव्हा माझ्या आतड्याला डॉक्टरांखेरीज कुणी वाली नव्हता. आईनं शेजारणीला शेजारणीच्याच नावावर एक नवस बोलायला लावला होता, हे मला फार पुढे कळलं.

आई कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करायची.

"कवा येणार हाईस?"

"बघतो की."

"दोन वरसं बगतोयस. आजार पोटाचा हाय न्हवं? पायांस्नी काय झालंय?"

पायांना खरंच काही झालं नव्हतं.

मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंचं औषध चालू होतं. आधी गोळ्या, मग स्टेरॉइड. स्टेरॉइडनं माणसाचा चेहरा गोल होतो, गाल वर येतात. माझं वजन अठ्ठेचाळीस किलोवर उतरलं होतं आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण म्हणत होता, "वा! तब्येत सुधारली की!" एकदा कॉलेजच्या समारंभात प्रमुख पाहुण्यांनी निरोगी जीवनाचं उदाहरण म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. त्याच वेळी मी उठून बाहेर गेलो. ते विनयामुळे, असा लोकांचा समज झाला.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात स्टेरॉइडनंही हात टेकले. बाईंनी मला एका सर्जनकडे पाठवलं. सर्जन मोठे आनंदी गृहस्थ होते.

"पाच फूट आहे," ते म्हणाले. त्यांचा रोख माझ्या मोठ्या आतड्यावर होता. "काढून टाकू. आतडं गेलं की आजार गेला. पोटावर एक पिशवी लागेल, बस्स. माझे दोन पेशंट पिशवी लावून ट्रॅक्टर चालवतात."

ते खरं होतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, हे मला डोक्यानं पटत होतं. तरी मला लाज वाटत होती, आणि आपल्या आतड्याचा लोभही वाटत होता. इतका त्रास देणाऱ्या वस्तूचा लोभ का वाटावा, याचा मी बराच विचार केला. एकदा काढलं की परत बसवता येत नाही, हे एकच कारण सापडलं. सर्जननी महिनाअखेरचा शनिवार दिला.

तेवढ्यात पुण्याच्या एका पोटविकारतज्ज्ञांचा बाईंना फोन आला. अमेरिकेत आतड्याच्या दुसऱ्या एका आजारासाठी, म्हणजे माझ्या आजाराच्या सख्ख्या भावासाठी, आदल्या वर्षीच एका नव्या औषधाला मान्यता मिळाली होती. माझ्या आजारात ते मोजक्याच लोकांना देऊन पाहिलं होतं. काहींना गुण आला, काहींना नाही. पुण्याच्या डॉक्टरांचा वर्गमित्र तिकडच्या इस्पितळात होता, त्यानं खटपट करून एका माणसापुरतं औषध मिळवलं होतं. तीन बाटल्या. एकदाच द्यायचं, शिरेतून. चौथी बाटली मिळण्याची शक्यता नव्हती.

"नाव इन्फ्लिक्सिमॅब," बाई म्हणाल्या. "मी स्वतः कधी दिलेलं नाही. कधी पाहिलंही नाही. लागू पडलं नाही तर शनिवार आहेच."

मी ग्रंथालयात बसून मिळेल ते वाचलं. गोष्ट अशी होती. शरीरात एक निरोप्या प्रथिन असतं, ते दाह पेटवत फिरतं. माणसाचं हे प्रथिन उंदराला टोचलं की उंदराचं शरीर ते परकं समजून त्याला पकडणारं हत्यार तयार करतं. त्या हत्याराचं फक्त टोक उंदराचं ठेवायचं, मूठ माणसाची बसवायची आणि त्याची लागवड पोलादी पिंपांत, जिवंत पेशींमध्ये करायची. सगळं मिळून पाव भाग उंदीर, पाऊण भाग माणूस. हे वाचल्यावर मी मान वर केली तर समोर कपाटाच्या फळीखाली आमच्या शिपायानं ठेवलेली उंदरांची विषारी गोळी दिसली. आमच्या ग्रंथालयात उंदीर फार. ते थोरामोठ्यांचे गौरवग्रंथ आधी खात. त्या पुस्तकांना दुसरं कुणी हात लावत नसल्यामुळे त्यांना तिथे निवांतपणा मिळे. शिपायाला मी गोळी उचलायला सांगितली नाही, पण एवढं मात्र खरं की त्या दिवसापासून मी ती ठेवण्याचा हुकूम जरा हळू आवाजात द्यायला लागलो.

बाटल्या बर्फाच्या पिशव्यांत, थर्मोकोलच्या डब्यात, पुण्याहून गाडीनं आल्या. अंगठ्याएवढ्या तीन बाटल्या, तळाशी पांढऱ्या पावडरीची वडी. त्याच दिवशी मला ताप भरला. घसा सुजला होता. बाई म्हणाल्या, हे औषध शरीराचे पहारेकरी झोपवतं, ताप असताना द्यायचं नाही. छातीचा फोटोही आधी काढायचा. आठवडा तरी थांबा.

"तोवर बाटल्या?"

"दोन ते आठ अंश. आठाच्या वर नाही आणि गोठवायच्याही नाहीत." त्यांनी आपल्या दवाखान्यातल्या फ्रिजकडे पाहिलं. वीज गेली होती. मे महिन्यात ती रोज तीन-चार तास जायची. "माझ्या फ्रिजवर माझा विश्वास नाही. तुमची काही सोय?"

माझ्या घरी फ्रिज होता, पण वीज तीच होती.

सोय माझ्या मित्राकडे होती. आम्ही एकाच वर्गात होतो. तो जैन, त्याच्या घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याची अडत. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये त्याची भागीदारी होती. तो दिवस मावळायच्या आत जेवणारा आणि तिखट न खाणारा, त्यामुळे माझ्या पथ्याचा माणूस जेवायला बोलावण्याची हिंमत त्या काळात तोच करायचा. मला तो मास्तर म्हणायचा. मी मास्तर नव्हतो, पण पुस्तकांजवळ बसणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी मास्तरच.

त्या कोल्ड स्टोरेजच्या उद्घाटनाला मी गेलो होतो. कोनशिलेवर 'बळीराजाच्या घामाला शीतल छाया' असं कोरलेलं होतं. पुढाऱ्यांचा सत्कार झाला, भाषण झालं, मग सगळे चार अंशांच्या खोलीत शिरले आणि मिनिटभरात कुडकुडत बाहेर आले. आत निवांत उभे राहिले ते एकटे पुढारी, कारण त्यांच्या अंगावर सत्काराची शाल होती. सत्काराची शाल कुणाच्या उपयोगी पडलेली मी तेव्हाच पाहिली.

चार अंश, रात्रंदिवस, आणि वीज गेली तर जनरेटर. मला याहून चांगली जागा सांगली जिल्ह्यात माहीत नव्हती. मी मित्राला सगळं सांगितलं. त्याच्यापासून काही लपवायचं नाही म्हणून उंदराचंही सांगितलं.

त्यानं समोरची अडतीची वही मिटली. मला वाटलं, आता धर्म आडवा येणार.

"अख्खा उंदीर आहे का त्यात?"

"पाव. तोही प्रथिनापुरता."

"मारतात त्याला?"

"सुरुवातीला एखादा गेला असेल. आता पिंपात पेशी वाढवतात."

"म्हणजे आपल्यासाठी आता कुणी मरत नाही."

"नाही."

"मग धर्माचं मी बघून घेतो. धंद्याचं अवघड आहे." त्यानं खुर्ची जवळ ओढली. "गड्या, बेदाण्याच्या गोदामात उंदीर हा शब्द काढत नाहीत. रात्री सापाला लांबडं म्हणतात ना, तसं आमच्याकडे 'ते' म्हणतात. एक 'ते' दिसलं असं नुसतं कुणी बोललं, तरी लोक माल उचलून दुसरीकडे नेतात. आणि तू म्हणतोस, पाव 'ते' माझ्या चेंबरमध्ये ठेवायचं."

"नको असेल तर राहू दे."

"नको कुठं म्हणालो? तुझं पाच फूट वाचवायचंय न्हवं? फक्त तोंड बंद ठेव, मास्तर. मुकादमालासुद्धा सांगायचं नाही."

आणि इथेच आमची चूक झाली.

कुणी विचारू नये म्हणून मित्रानं थर्मोकोलचा डबा बेदाण्याच्या एका रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला आणि वरून टेप मारली. मी त्यात एक थर्मामीटर टाकला, कॉलेजच्या रसायनशाळेतून मागून आणलेला. कुतूहल, दुसरं काही नाही. ते खोकं त्यानं स्वतः उचलून चेंबरच्या दाराजवळ, एका थप्पीच्या बाजूला ठेवलं. आत शेकडो खोकी, प्रत्येकावर शेतकऱ्याच्या लॉटचा नंबर. आमचं खोकं कोरं.

आठ दिवसांनी ताप उतरला. छातीचा फोटो चांगला आला. बाईंनी सकाळी अकराची वेळ दिली. मी साडेआठला कुपवाडला पोचलो, मित्र हजर होता. आम्ही चेंबरचं दार उघडलं. थप्पी होती. खोकं नव्हतं.

मुकादम बाहेर चहा पीत बसला होता. पन्नाशीचा माणूस, सगळी हयात हमालीत गेलेली, कामाला चोख.

"हितला बॉक्स कुठाय?" मित्रानं विचारलं.

"कुठला? त्यो बिनलॉटचा?"

"तोच."

"आवं, बिनलॉटचा कुठं? नंबर घातला की म्या त्येच्यावर. चार दिवस बगतोय, बिननंबरी पडलाय. म्हनलं, नंबर पुसला असंल. शेजारच्या थप्पीचा टाकला." त्यानं कपातला घोट संपवला. "आज सौदा हाय न्हवं? सात वाजता नमुन्याला ग्येला मार्केट यार्डात."

"सगळ्या थप्पीत तोच सापडला तुला?"

"दाराजवळचा बॉक्स काडायचा, आतली थप्पी इस्कटायची न्हाई. तुमीच सांगितलंय."

"आरं, पण उचलताना काही कळलं नाही? बेदाण्याचा बॉक्स पंधरा किलोचा असतो!"

"व्हय, लय हलका लागला. म्हनलं, माल सुकला असंल."

पुष्कळ विद्वानांनी पुष्कळ शोध लावले आहेत, पण बेदाणा सुकतो ही कल्पना मी त्याआधी ऐकली नव्हती. त्याला रागवण्यात अर्थ नव्हता. आम्ही त्याला काहीच सांगितलं नव्हतं, आणि एका अनाथ खोक्याला नंबर देण्याचं काम त्यानं न सांगता केलं होतं. नेमून दिलेलं काम वेळेवर झालं म्हणूनच माझं औषध चाळीस अंशांच्या उन्हात गेलं होतं.

मित्राच्या स्कूटरवर आम्ही निघालो. कुपवाडची वसाहत ओलांडायच्या आत मला ती दोन मिनिटांची सूचना मिळाली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं मागं न बघता ओळखलं, स्कूटर समोरच्या वर्कशॉपच्या फाटकात घातली आणि लेथवरच्या माणसाला ओरडून विचारलं, "संडास कुठंय वो?" त्या माणसानं हातातलं काम न सोडता मानेनं दिशा दाखवली. मी आत बसलो होतो आणि बाहेर घड्याळ चालू होतं. औषध तिकडे तापत होतं आणि त्याची गरज किती आहे याचा पुरावा मी इकडे देत होतो.

मार्केट यार्डात सौदा रंगात आला होता. बेदाण्याचा सौदा ज्यानं पाहिलेला नाही त्याला सांगतो: खोकी ओळीनं मांडलेली असतात, खरेदीदार टेप फाडून थेट हात घालतात, मूठभर माल वर काढतात, उन्हाकडे धरून बघतात, दोन दाणे तोंडात टाकतात आणि उरलेला भिरकावून देतात. जमिनीवर बेदाण्याचा सडा पडतो. मी त्या सड्यावरून घसरत, ओळीतल्या खोक्यांवरचे नंबर वाचत चाललो होतो. मित्र पुढे धावला.

आमचं खोकं सापडलं तेव्हा त्याची टेप फाटलेली होती. पांढरी टोपी घातलेल्या बाहेरगावच्या एका खरेदीदारानं मनगटापर्यंत हात आत घातला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर माझ्याइतकंच कुतूहल होतं. हात वर आला तेव्हा त्यात थर्मोकोलचं झाकण होतं.

"हा कुठला माल?"

"औषध आहे, शेठ," मित्र धापा टाकत म्हणाला.

"बेदाण्याला औषध मारलंय?"

ओळीतली दहा-बारा डोकी वळली. मित्राचा चेहरा पडला. त्या यार्डात त्याच्या वडिलांच्या नावावर माल न बघता उचलत असत.

"बेदाण्याला नाही हो! माणसाचं औषध. ह्या माणसाचं." त्यानं मला दंडाला धरून पुढे ओढलं.

खरेदीदारानं माझ्या गोल चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "ह्यांची तब्येत तर चांगली दिसते."

"ती औषधानंच तशी दिसते," मी म्हणालो.

"असं? मग काय असतं ह्यात?"

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. शेकडो खोकी, तालुक्यातला निम्मा धंदा, आणि सगळे कान आमच्याकडे.

"प्रथिनं," मी म्हणालो.

"प्रथिनं चांगली," खरेदीदार म्हणाला आणि त्यानं झाकण सावकाश परत लावलं. निरोप देताना त्यानं दुसऱ्या खोक्यातले मूठभर बेदाणे माझ्या हातावर ठेवले. "हेही खा. रक्त वाढतं." आयुष्यात मला मिळालेला तो शेवटचा फुकट सल्ला नव्हता, पण त्याच्यासोबत खायला काही देणारा तो पहिलाच.

आडोशाला जाऊन मी डबा उघडला. बर्फाच्या पिशव्या केव्हाच पाणी झाल्या होत्या, पण अजून गार लागत होत्या. तिन्ही बाटल्या शाबूत होत्या. थर्मामीटर अकरा दाखवत होता.

दोन ते आठ. आणि अकरा.

मित्र म्हणाला, "मास्तर, तो थर्मामीटर टाकला नसतास तर आपल्याला काही कळलंच नसतं." यात त्याचा सुटकेचा सूर होता की दोषाचा, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

थर्मामीटर लपवून बाटल्या तेवढ्या बाईंच्या हातात द्याव्यात, असं माझ्या मनात आलं नाही असं म्हणणार नाही. रस्त्यात नवा बर्फ घेऊन आम्ही मिरजेला पोचलो आणि मी सगळं सांगितलं, वर्कशॉप वगळून. बाईंनी एकेक बाटली उजेडाकडे धरली. अगदी त्या खरेदीदारासारखी. मग पुण्याला फोन लावला.

"गोठलं नव्हतं... नाही... अडीच तास, फार तर तीन... हो, पावडर आहे, वडी तशीच आहे... अकरा." मग बराच वेळ नुसतं हं, हं.

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "ते म्हणतात, पावडर आहे, पातळ असतं तर विचार करावा लागला असता. ते असते तर त्यांनी दिलं असतं. कदाचित थोडा जोर कमी झाला असेल, कदाचित काहीच झालं नसेल. लेखी कुणी देणार नाही."

"तुम्ही असता तर?"

"मी देणारी. घेणारे तुम्ही. नको असेल तर शनिवारला अजून अकरा दिवस आहेत, सर्जनना सांगते." त्यांनी ट्रेकडे बोट केलं. "प्रतिक्रिया येण्याचा धोका थंड औषधालाही असतोच. इंजेक्शन भरून हाताशी ठेवलंय."

मित्र भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर इतका अपराधीपणा होता की मला त्याच्यासाठीच हो म्हणावंसं वाटलं. पण ते खरं कारण नव्हतं. पिशवीची लाज, आतड्याचा लोभ, हीसुद्धा पूर्ण कारणं नव्हती. अमेरिकेतल्या एका पिंपातून निघून, कुपवाडच्या बेदाण्यांशेजारी आठ दिवस राहून, मार्केट यार्डात नमुना म्हणून मांडला गेलेला तो पाव उंदीर आता काय करतो, हे मला बघायचं होतं. ते न कळताच आतडं काढून टाकणं म्हणजे पुस्तक शेवटच्या पानाआधी परत करणं. ग्रंथपालाला ते जमत नाही.

"द्या," मी म्हणालो.

बाटलीत पाणी सोडून ती हलवायची नसते, नुसती हातात फिरवायची असते. बाईंनी ते स्वतः केलं, शेजारी इंग्रजी सूचनेचा कागद उघडा ठेवून. पावडर विरघळायला वेळ लागला. मग सलाइनमधून, दोन तासांहून जास्त. बातमी कशी फुटली माहीत नाही, पण आजूबाजूच्या दवाखान्यांतले तीन डॉक्टर येऊन पलंगाभोवती उभे राहिले. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, जिल्ह्यात हे पहिलंच दिसतंय, तेव्हा एक फोटो घेऊन पेपरला द्यायला हरकत नाही, एखादा हार मागवू.

"आधी त्यांना चार दिवस संडासला जाऊन येऊ दे," बाई म्हणाल्या. "मग हार कुणाला घालायचा ते ठरवू."

हार आला नाही. प्रतिक्रियाही आली नाही. शेवटच्या थेंबापर्यंत मी स्वतःकडे लक्ष ठेवून होतो. हात गार पडला होता, बाकी काही जाणवलं नाही. फार मोठ्या घटना घडताना आतून काही जाणवत नाही, हे मी तेव्हा शिकलो. अर्थात फार छोट्या घडतानाही जाणवत नाही.

पहिले दोन दिवस काही फरक नव्हता. मित्र रोज संध्याकाळी जेवणाआधी यायचा, दारातूनच विचारायचा, "कितीदा?" मी सांगायचो, बारा. तो मान हलवून परत जायचा. तिसऱ्या दिवशी अकरा झाले आणि आम्ही दोघंही अकरा या आकड्याकडे संशयानं बघत राहिलो. पाचव्या दिवशी सहा. आठव्या दिवशी सकाळी मी उठलो, चहा घेतला, पेपर वाचला, आंघोळ केली आणि कॉलेजला जायला निघालो. कुलूप लावताना लक्षात आलं की काहीतरी राहिलंय. मी परत घरात गेलो आणि बराच वेळ आठवत बसलो. पातेलं, गॅस, किल्ल्या, सगळं जागच्या जागी होतं. सकाळपासून आपण एकदाच संडासला जाऊन आलो आहोत, हे कळायला मला पाच मिनिटं लागली. त्या संध्याकाळी मित्रानं आकडा ऐकला आणि दारात न थांबता तो आत येऊन बसला.

"मुकादमाला सांगू का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"बॉक्स हलका का होता ते."

"सांग. फक्त 'त्या'चं नको."

"ते तर मी मरेपर्यंत सांगणार नाही," तो म्हणाला.

सर्जनना फोन करून बाईंनी शनिवार पुढे ढकलला आणि मग रद्द केला. ते जराही रागावले नाहीत. "पाच फूट कुठे पळून जात नाही," म्हणाले. हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. आजार बरा झाला नव्हता, झोपला होता. त्याला झोपलेला ठेवायला दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या, आणि पुढे तो दोनदा जागाही झाला. पण ती वेगळी वर्षं.

जुलैत एका रविवारी मी वडूजच्या गाडीत बसलो. खिडकी मिळाली. आईला आधी कळवलं नव्हतं, कारण कळवून न जाण्याचा माझा इतिहास मोठा होता. शेजारी एक माणूस मांडीवर मोटारीचा पंप घेऊन बसला होता, त्यानं पंपाची सगळी हकीकत सांगितली आणि मी ती शेवटपर्यंत ऐकली. त्या ठरलेल्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. निम्मे लोक उतरले. पंपवाला म्हणाला, "उतरताय का पाय मोकळं करायला?" मी म्हणालो, नको. गाडी सुटली तेव्हा आपण कसला तरी मोठा टप्पा ओलांडतोय असं वाटून मी थोडा ताठ बसलो.

आई दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याची गोलाई उतरली होती, गाल बसले होते.

"लय वाळलास रं," ती म्हणाली. "तब्येत बिघडलीया तुजी."

मी दोन दिवस राहिलो. परतीच्या गाडीत, त्याच स्टँडवर, ती दहा मिनिटं मिळाली तेव्हा मी सवयीनं खाली उतरून पाहिलं. शौचालयाला पत्रे ठोकलेले होते. चहावाला म्हणाला, दुरुस्तीसाठी महिनाभरापासून बंद आहे.